इमॅजिकाच्या आसपास सहकुटुंब काय पाहावं? (घाट न चढता)

मधुमालती
नमस्कार मंडळी. जानेवारीत नाशिकहून इमॅजिका थीम पार्कला जायचं ठरलंय. सासू-सासरे (दोघंही सत्तरीपुढचे, सासऱ्यांचे गुडघे कुरकुरतात), आम्ही दोघं, नणंद, तेरा वर्षांचा मुलगा आणि पाच वर्षांची मुलगी अशी वरात आहे. मुक्काम खोपोलीजवळ. पार्कचा दिवस ठरलेला आहे, त्याबद्दल काही विचारायचं नाही. प्रश्न त्याच्या अलीकडच्या दुपारचा आणि पलीकडच्या अख्ख्या दिवसाचा आहे. ज्याला विचारावं तो "लोणावळा आहेच की वर" म्हणून मोकळा होतो. लोणावळा पाहून झालाय आणि तिथली सुट्टीची गर्दी आठवली तरी नको वाटतं. घाट न चढता, सगळ्यांना झेपेल, पोरं कुरकुरणार नाहीत आणि "एवढ्या लांब येऊन देवदर्शनही नाही" असं म्हणायची संधी सासूबाईंना मिळणार नाही, असं काही आहे का? खाण्याचंही सांगा. सासू-सासरे शाकाहारी, बाकी आम्ही सगळं खातो.

डबलबेल
सासूबाईंना संधी मिळणार नाही असं ठिकाण अजून कोणी बांधलेलं नाही. पुढचा प्रश्न विचारा.

चिंगी७
=)) =))

घाटमाथा
लोणावळ्याला एवढं हिडीसफिडीस करायचं कारण नाही. गर्दी होते ती भुशी डॅम, टायगर पॉइंट आणि चिक्कीच्या दुकानांसमोर. तिथे जाऊ नका, संपलं. मळवलीला उतरून भाजे लेणी बघा. २२ लेणी आहेत, कार्ल्यापेक्षाही जुनी, इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातली. तबल्यासारखं वाद्य वाजवणारी बाई कोरलेली आहे, ती पोरांना शोधायला लावा. वर लोहगड, जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांपैकी एक. कार्ल्याच्या चैत्यगृहात छताच्या लाकडी कमानी अजून शाबूत आहेत, दोन हजार वर्षांचं लाकूड! शेजारी एकवीरा, म्हणजे देवदर्शनही झालं. खोपोलीहून घाट चढायला लागतो किती वेळ?

निळी_छत्री
@घाटमाथा, घाट चढायला किती वेळ लागतो हे शनिवारी सकाळी अमृतांजन पूल होता तिथे उभं राहून विचारा. आणि गुडघे कुरकुरणाऱ्या माणसाला कार्ल्याच्या पायऱ्या? धागा वाचलात का नीट?

घाटमाथा
वाचला. सासरे खाली चहा पितील.

आजोबा_ऑनलाइन
आम्ही म्हातारे लोक सहलीला जातो ते खाली बसून चहा प्यायलाच, असा तरुणांचा समज दिसतो. चहा घरीही मिळतो हो.

पालीकर
ताई, तुमचं पार्क आमच्या रस्त्यावरच आहे, खोपोली-पाली. २०१३ मध्ये ते सुरू झालं तेव्हापासून बघतोय, गाड्या येतात, पार्क बघतात आणि आल्या पावली परत एक्सप्रेसवेला लागतात. त्याच रस्त्याने उलट्या दिशेला फार कोणी वळत नाही. तुम्ही वळा. पार्कपासून पाली साधारण पाऊण तास.

बल्लाळेश्वर अष्टविनायकातला, तेव्हा सासूबाईंचा प्रश्न मिटला. पण नुसतं दर्शन घेऊन निघू नका. आधी मागच्या धुंडीविनायकाचं दर्शन घ्यायची रीत आहे, तो स्वयंभू आणि पश्चिमेकडे तोंड केलेला. मग बल्लाळेश्वर, तो पूर्वाभिमुख. मूळ देऊळ लाकडी होतं, आत्ताचं दगडी नाना फडणवीसांच्या वेळचं, १७६० चं. देवळातली मोठी घंटा मुलाला दाखवा. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली, तेव्हा पोर्तुगीजांकडून आलेली ती घंटा आहे. तेरा वर्षांच्या मुलाला मूर्तीत रस नसला तरी लुटून आणलेल्या घंटेत असतो. :)

दर्शन झालं की उन्हेरे. पालीपासून अगदी जवळ, गरम पाण्याची कुंडं आहेत. पाण्याला गंधकाचा वास येतो, लहान मुलं नाक मुरडतील. सासऱ्यांनी तिथे अर्धा तास पाय सोडून बसावं. गुडघे बरे होतात असा दावा मी करणार नाही, पण थंडीत बरं नक्कीच वाटतं. सकाळी लवकर जा, नंतर गर्दी वाढते आणि कुंडाची कळाही जाते.

परत येताना देवळाच्या वाटेवरच्या दुकानांतून पोह्याचे पापड, मिरगुंडं, कुळथाचं पीठ, कोकम. एवढं घेतलं की नणंदही खूश.

डबलबेल
नणंद खूश होईल असंही ठिकाण... बरं जाऊ दे.

उनाडमुंगी
पालीकरांना जोरदार अनुमोदन. भर घालते. देवळाच्या मागे जो ताशीव कडा दिसतो तो सरसगड. मुलगा आणि बाबा दोघंच पहाटे निघाले तर बाकीचे आवरून दर्शनाच्या रांगेला लागेपर्यंत खाली येतील. दगडात खोदलेल्या ९६ पायऱ्या आहेत आणि एकेक पायरी गुडघाभर उंच, तेव्हा सासऱ्यांना खालूनच दाखवा. पोरगा मात्र रोलरकोस्टर विसरेल. सुधागड त्याहून मोठा आणि सुरेख, महादरवाजा थेट रायगडाची आठवण करून देणारा, पण त्याला पूर्ण दिवस लागतो. सहकुटुंब सहलीत तो बसवू नका.

निळी_छत्री
पाच वर्षांच्या मुलीचं काय पण? देऊळ, गरम कुंड, पापड. ती कंटाळणार.

पालीकर
तिला पापड खायला द्या.

रुळावरचा
मुलं आहेत आणि खोपोली आहे, तर कोणीच रेल्वेचा विषय कसा काढला नाही?

खोपोली स्टेशनला जा. तिथे रूळ संपतात. बफरच्या पुढे काही नाही. मुलांना हे फार आवडतं, कारण एरवी स्टेशन म्हणजे रूळ दोन्हीकडे पसरलेले. इथे गाडी येते, थांबते आणि आल्या वाटेने परत जाते. तिकीट काढून कर्जतपर्यंत जाऊन या. मधे लौजी, डोलवली, केळवली, पळसदरी अशी चिमुकली स्टेशनं, डाव्या-उजव्या हाताला डोंगर, आणि पळसदरीला पुण्याकडे चढणारी मोठी लाइन येऊन मिळते. गाड्या कमी असतात, वेळापत्रक बघूनच निघा. कर्जतला फलाटावर दिवाडकरांचा वडा खा आणि पुढच्या गाडीने परत.

आता इतिहास. मुंबईहून रेल्वे खोपोलीला पोचली १८५६ मध्ये. घाट तेव्हा फोडलेला नव्हता. वर खंडाळ्यापासून पुण्यापर्यंतची लाइन १८५८ मध्ये सुरू झाली, पण मधला बोरघाट तसाच. त्यामुळे पुण्याच्या माणसाने खोपोलीला उतरायचं, पालखी-मेणा-तट्टू जे परवडेल ते करून खंडाळ्याला चढायचं आणि तिथून पुन्हा गाडी पकडायची. १८६३ मध्ये घाटातली लाइन खुली झाली, ती निघाली पळसदरीहून, आणि खोपोली बाजूला पडली. एकेकाळी सगळ्या मुंबई-पुणे प्रवासाचा नाका असलेलं स्टेशन आज एका फाट्याचं टोक आहे. मुलाला तिथे उभं करून, मान वर करून घाट दाखवा आणि विचारा, इथून सामान घेऊन वर कसा गेला असतास?

आजोबा_ऑनलाइन
मुलगा म्हणेल कॅब.

रुळावरचा
आजोबा, तुम्ही पोरांना फार ओळखता.

घाटमाथा
रुळावरचा, प्रतिसाद छान. पण मग वर येऊन खंडाळा स्टेशनही दाखवायला हवं ना? हळूहळू सगळे घाट चढणारच आहेत, मी वाट बघतो.

चिंगी७
झेनिथ धबधबा कोणी कसा नाही सांगितला? खोपोलीतच आहे. मस्त फोटो येतात.

निळी_छत्री
जानेवारीत तिथे धबधबा नसतो, कातळ असतो. आणि पावसाळ्यात जाणार असाल तर लहान मुलं आणि म्हातारी माणसं घेऊन मुळीच जाऊ नका. वर घाटात पाऊस पडला की खाली ऊन असलं तरी लोंढा येतो, कळेपर्यंत उशीर झालेला असतो. ३० जून २०२४ ला भुशी डॅमजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, त्यात लहान मुलं होती. ती माणसं काही साहस करायला गेली नव्हती, सहकुटुंब सहलीलाच गेली होती. पावसाळ्यात प्रशासन मनाईचे आदेश काढतं आणि ते मोडणाऱ्यांचे फोटो इथेच कौतुकाने टाकले जातात, याचा मला राग येतो.

चिंगी७
बरोबर आहे ताई. मी फक्त फोटोच्या हिशोबाने म्हटलं. मागे घेते.

उनाडमुंगी
निळ्या छत्रीशी सहमत. पावसाळ्यात धबधबा लांबून बघायचा. एक्सप्रेसवेवरून चालत्या गाडीतून दिसतात तेवढे पुरे.

डलासवाली
इथे बसून धागा वाचतेय आणि घरची आठवण येतेय. :) थोडं अवांतर. ऑरलँडोला डिस्नेवारी करणाऱ्यांमध्ये एक अलिखित नियम आहे, पार्कचे दिवस सलग लावायचे नाहीत. मधे एक दिवस असा ठेवायचा जिथे रांग नाही आणि तिकीट जवळजवळ नाही. आम्ही तिथून तासाभरावरच्या ब्लू स्प्रिंग नावाच्या उद्यानात गेलो होतो. झऱ्याचं पाणी बारा महिने २२ अंशांवर असतं, म्हणून थंडीत नदीतले मॅनाटी, म्हणजे ते अजस्र, गरीब स्वभावाचे पाण्यातले प्राणी, उबेला तिथे गोळा होतात. लाकडी मार्गिकेवरून चालत जायचं आणि वरून बघायचं. आमच्या लेकीला राजकन्येचा वाडा आता आठवत नाही, मॅनाटी आठवतात. मधुमालती, तुमच्या पाच वर्षांच्या मुलीसाठी पार्कच्या दुसऱ्या दिवशी असंच काहीतरी शांत शोधा. आदल्या दिवशीची दमणूक, आवाज, आइस्क्रीम हे सगळं दुसऱ्या दिवशी बाहेर निघतं.

डबलबेल
खोपोलीत मॅनाटी नाहीत. पाताळगंगेत म्हशी डुंबतात, लांबून फरक कळत नाही. तिकीटही नाही.

डलासवाली
म्हशी चालतील की! तिला सांगायचं कशाला.

गणितमास्तर
पाताळगंगेवरून आठवलं. खोपोलीत नदीला उन्हाळ्यातही पाणी कसं, हे मुलाला विचारा. उत्तर घाटावर आहे. लोणावळा, वळवण, शिरवटा इथल्या तलावांत पावसाचं पाणी साठवतात, ते मोठ्या नळांतून सुमारे ५०० मीटर खाली खोपोलीच्या वीजकेंद्रात सोडतात, आणि जनित्रं फिरवून झाल्यावर ते पाताळगंगेत येतं. टाटांचं हे केंद्र १९१५ मध्ये सुरू झालं, मुंबईच्या गिरण्यांना वीज देण्यासाठी. आत सोडत नाहीत, पण डोंगरावरून उतरणारे ते जाडजूड नळ गावातूनही दिसतात. ज्या मुलाने आदल्या दिवशी पार्कातल्या नायट्रो रोलरकोस्टरवर किंकाळ्या मारल्या, त्याला दुसऱ्या दिवशी विचारायचं: तुझा डबा वर नेऊन सोडला की खाली वेगाने का येतो? आणि या नळातलं पाणी? एकच गणित.

आजोबा_ऑनलाइन
मास्तर, सहलीला तरी सोडा पोराला.

गणितमास्तर
गृहपाठ देत नाहीये. :)

पिंपळपान
त्या पार्कातल्या डायनोसॉरच्या राइडचं नाव राजासॉरस आहे ना? तो खरोखरचा होता बरं का, आणि अस्सल भारतीय. गुजरातेत बालासिनोरजवळ रहिओलीला त्याची हाडं मिळाली, २००३ मध्ये शास्त्रीय नाव मिळालं, राजासॉरस नर्मदेन्सिस. पोरांना राइडच्या रांगेत हे सांगितलं की रांगेतली दहा मिनिटं सुखाने जातात.

मधुमालती
अरे वा, एका दिवसात एवढे प्रतिसाद! सगळ्यांचे आभार. पालीकर, पाली नक्की. रुळावरचा, तुमचा प्रतिसाद मुलाला वाचायला दिला, तो आत्तापासून मेणा कितीला पडला असता ते विचारतोय. अजून दोन शंका. पहिल्या दिवशी आम्ही दुपारी दोनच्या सुमाराला पोचणार, तेव्हा संध्याकाळपर्यंत काय? आणि पार्कच्या दिवशी सासू-सासऱ्यांना आत नेण्यात अर्थ आहे का? तिकीट काही स्वस्त नाही.

निळी_छत्री
दुसऱ्या शंकेचं आधी. आमच्या आईला नेलं होतं. पाळणे-बिळणे नाहीत, पण बसून बघायचे प्रकार तिने सगळे केले, भारतावरून उडवत नेल्यासारखं दाखवतात ते तर दोनदा. संध्याकाळची मिरवणूक आवडली. पण दिवस लांब होतो, चालणं खूप होतं आणि दुपारी ऊन लागतं. तुमच्या सासऱ्यांचे गुडघे बघता त्यांनाच विचारा आणि "नको" म्हणाले तर ते मनापासून आहे असं समजा. आग्रह करू नका. नणंद सोबत राहणार असेल तर तिघं मुक्कामी आराम करतील. लहान मुलीची उंची घरीच मोजून न्या. प्रत्येक राइडला उंचीची अट असते आणि रांगेत तासभर उभं राहून नकार मिळाला की जो भोंगा वाजतो तो खोपोली स्टेशनपर्यंत ऐकू जातो.

आजोबा_ऑनलाइन
निळ्या छत्रीने लाख बोलली. आम्हाला विचारत जा आणि आमचं उत्तर खरं मानत जा.

पालीकर
पहिल्या दुपारी महड. वरदविनायक, हाही अष्टविनायकातलाच. खोपोलीहून अगदी जवळ, जुन्या मुंबई-पुणे रस्त्याच्या बाजूला. चढ नाही. शेजारी तळं आहे, १६९० मध्ये मूर्ती तिथेच सापडली असं सांगतात, देऊळ १७२५ चं. आतला नंदादीप १८९२ पासून तेवतोय अशी ख्याती आहे. चार वाजता गेलात तर अष्टविनायकाच्या बसगाड्यांची सकाळची झुंबड ओसरलेली असते. म्हणजे दोन दिवसांत दोन विनायक, सासूबाईंचा प्रश्न दोनदा मिटला.

एक सांभाळा. नकाशावर 'महड' आहे ते बघून घ्या, एक काना जास्त पडला तर तुम्ही चवदार तळ्याच्या महाडला जाल, ते खाली पार रायगडापाशी. दरवर्षी कोणीतरी जातंच.

आणि जानेवारीतली कुठली तारीख? माघी गणेश जयंती जवळ असेल तर पाली आणि महड दोन्हीकडे पाय ठेवायला जागा नसते. संकष्टीही टाळा. कॅलेंडर बघून खोलीचं आरक्षण करा.

मधुमालती
हे कुठल्याच प्रवासी संकेतस्थळावर नव्हतं. तारीख बदलतेय लगेच.

उनाडमुंगी
महडहून परत आल्यावर वेळ उरला तर खोपोली गावातलं विरेश्वराचं देऊळ आणि तळं. नाना फडणवीसांनी बांधलेलं. संध्याकाळी काठावर बसायला छान. मग वडापाव. खोपोलीत रमाकांतचा वडापाव खाल्ल्याशिवाय जाणाऱ्याला मी माणूस म्हणत नाही.

घाटमाथा
मग आमच्या कर्जतच्या वड्याचं काय?

रुळावरचा
'आमच्या' कर्जत कधीपासून? तुम्ही तर घाटमाथ्याचे!

डबलबेल
वड्यासाठी घाट उतरले बघा.

इतिहासवेडा
उशिरा येतोय, पण अजून कोणीच उंबरखिंड म्हणालं नाही म्हणून लिहितो. पार्कवरून पालीच्या रस्त्याला लागलात की शेमडीचा फाटा लागतो, तिथून आत चावणी गाव. तिथे अंबा नदीच्या पात्राजवळ स्मारक आहे. २ फेब्रुवारी १६६१. शायिस्ताखानाने कारतलबखानाला कोकणात उतरायला पाठवलं. खान बोरघाट टाळून या अडचणीच्या वाटेने उतरला, कारण कोणाला कळणार नाही असं त्याला वाटलं. शिवाजी महाराज आधीच येऊन बसले होते. खाली वाट अडवलेली, मागे परतायची वाट बंद, दोन्ही अंगांना रान आणि रानात मावळे. फौजेला पाणीसुद्धा मिळेना. सोबत रायबाघन ही मुघलांची स्त्री सरदार होती, तिने खानाला शरण जायचा सल्ला दिला. खंडणी देऊन, सामानसुमान टाकून खान परत गेला.

आता हे सहकुटुंब का? कारण गाडी जवळपर्यंत जाते, चढायचं काही नाही, आणि जागेवर उभं राहिलं की लढाई समजते. चौफेर डोंगर बघून पाच वर्षांची मुलगीसुद्धा सांगेल की इथे कोंडलं तर सुटणं नाही. जानेवारीत नदीला जेमतेम पाणी असतं. पोरं गोटे वेचत बसतात, मोठे सावलीत. मनाई करायला कोणी नाही, तिकीट नाही, दुकानही नाही, म्हणून पाणी आणि खाऊ सोबत न्या आणि वेष्टनं परत आणा. डलासवालीताई म्हणतात तसा शांत दिवस म्हणजे हा.

घाटमाथा
इतिहासवेडा, खिंडीचा मान ठेवतो. पण खान लोणावळ्याकडूनच उतरला ना? म्हणजे सुरुवात आमच्याकडेच.

इतिहासवेडा
हो. आणि घाट उतरणं त्याला भोवलं. :)

निळी_छत्री
=)) हा प्रतिसाद धाग्याचा विजेता.

कोपरखळी
शाकाहारी सासू-सासरे आणि बाकी सगळं खाणारे म्हटलंत ना? मग एकच उत्तर, पोपटी. जानेवारी म्हणजे ऐन हंगाम. रायगडच्या बाहेरच्यांना माहीत नसते. खालापूर-पाली-पेण पट्ट्यातल्या शेतघरांत आधी सांगून ठेवलं तर रात्री करून देतात.

नवं मडकं. तळाला भांबुर्ड्याचा पाला, हा शेताच्या बांधावर उगवतो, वास उग्र. त्यावर वालाच्या कोवळ्या शेंगा, ओवा, जाडं मीठ. मग मसाला लावलेलं चिकन केळीच्या पानात गुंडाळून, मधे अंडी, बटाटे, कांदे, वर पुन्हा शेंगा, आणि तोंडाशी पाला दाबून गच्च. पाणी एक थेंब नाही. मडकं जमिनीवर उपडं ठेवायचं, भोवती गवत, पेंढा, लाकडं, आणि पेटवून द्यायचं. अर्ध्या-पाऊण तासाने वरून पाण्याचा हबका मारतात, चर्र आवाज झाला आणि पाणी टिकलं नाही की समजायचं झाली. मग काठीने मडकं ओढून बाहेर, केळीच्या पानावर उपसायचं, आणि बोटं भाजत शेंगा सोलायच्या. शाकाहारी मडकं वेगळं लावायला सांगा, नुसत्या शेंगा, रताळी, बटाटे. खरं तर शेंगाच चोरून खाल्ल्या जातात, कोंबडी पडून राहते.

पोरांना आग, अंधार आणि खाणं एकाच ठिकाणी मिळतं. पार्कमध्ये असली आतषबाजी नाही.

पालीकर
मी लिहिणारच होतो. कोपरखळी, तुम्ही आमच्याकडचेच दिसता! शेंगा भरताना भांबुर्डा कमी पडू देऊ नका म्हणावं, सगळी चव त्याची.

चिंगी७
रात्रीचे अकरा वाजलेत आणि हे वाचतेय. पाप लागेल तुम्हाला.

आजोबा_ऑनलाइन
आम्हाला चहाऐवजी ही पोपटी द्या. खाली बसूनच खातो.

निळी_छत्री
परतीचं मी सांगते. नाशिकला जायला तुम्ही बहुधा पनवेलवरूनच जाल, तर पालीहून वाकणला महामार्गाला लागून पेणमार्गे या. पेणला गणपतीचे कारखाने आहेत, गावात आणि बाहेर हमरापूर-जोहे भागात घराघरांत. जानेवारीत पुढच्या भाद्रपदाचं काम चालू असतं. आधी विचारा, बहुतेक जण पोरांना बघू देतात. रंग नसलेल्या पांढऱ्या मूर्तींच्या रांगाच्या रांगा, एक जण नुसते हात जोडतोय, दुसरा सोंडेचा सांधा घासतोय, आणि कोपऱ्यात कोणीतरी डोळ्यांची आखणी करतंय. त्याच्याशी मात्र बोलायचं नाही, श्वास रोखून काम चालतं. माझी लेक एरवी पाच मिनिटं गप्प बसत नाही, तिथे बसली होती. शाडूचा गोळा विकत मिळाला तर घ्या, उरलेला प्रवास शांततेत जातो (गाडीची आसनं मळतात, पण शांततेत).

पुढे कर्नाळा अभयारण्य रस्त्यावरच. पक्षी दुपारी दिसत नाहीत, त्यासाठी थांबू नका, किल्ल्याचा अंगठ्यासारखा सुळका गाडीतून दाखवा. त्यानंतर शिरढोण, वासुदेव बळवंत फडक्यांचं जन्मगाव. १८४५ चा जन्म.

पिंपळपान
तेरा वर्षांच्या मुलाला कोलाडला राफ्टिंग? पालीहून फार लांब नाही. कुंडलिकेत सकाळी धरणाचं पाणी सोडतात म्हणून बिगरपावसाळीही चालतं.

उनाडमुंगी
तिथे बहुतेक ठिकाणी चौदा वर्षांखाली घेत नाहीत. पुढच्या वर्षीसाठी ठेवा. आणि सकाळचं राफ्टिंग, उन्हेरं आणि पेण एका दिवसात घातलंत तर सासूबाई घरी जाऊन आत्मचरित्र लिहितील.

मधुमालती
मंडळी, बेत ठरला. तारीख बदलली, माघी जयंती आणि संकष्टी दोन्ही टळतात. पहिल्या दुपारी महड, संध्याकाळी विरेश्वराच्या तळ्यावर, मग वडापाव. दुसऱ्या दिवशी पार्क. सासऱ्यांना विचारलं, ते म्हणाले "मी येणार, पण पाळण्यात नाही". सासूबाई आणि नणंद मुक्कामीच थांबणार. तिसऱ्या दिवशी भल्या पहाटे निघून उन्हेरे, पाली आणि पेणमार्गे परत. उंबरखिंड त्या दिवशी बसत नाही असं यजमानांचं मत, पण मुलगा ऐकत नाहीये. कर्जतची गाडी बहुधा राहील. पोपटी दुसऱ्या रात्री सांगून ठेवलीय, दोन मडकी.

घाटमाथा, राग मानू नका, भाजे पुढच्या खेपेला.

इतिहासवेडा
मुलाचं ऐका. पालीच्या वाटेवरच आहे, तासाभराचं काम. पेणचा एक कारखाना कमी बघा.

घाटमाथा
राग नाही. चिक्की पाठवतो, पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

निळी_छत्री
पार्कमधून आल्यावर त्याच रात्री पोपटी? मुलगी मडकं फुटायच्या आत झोपेल. पहिल्या रात्री ठेवा.

मधुमालती
हो की! बदलते. आणि पोपटी जमली तर नाशिकला घरी करता येईल का? मडकं इथे मिळेल, भांबुर्डा कुठून आणू?

कोपरखळी
जिथे पोपटी लावतील त्यांनाच सांगा, निघताना जुडी बांधून देतात. ओल्या फडक्यात गुंडाळून न्या आणि दुसऱ्याच दिवशी लावा. वालाच्या शेंगा पेणच्या बाजारातून घ्या, दाणा भरलेल्या पण हिरव्या बघून. सुकट दिसल्या तर घेऊ नका.